मनिरामचा पाना

यादो, काल नदीवर तुझ्या पिंडापुढे खर्रा ठेवला होता.

भात, वरण, उडदाचा वडा, आणि त्यांच्या बाजूला ताजा घोटून आणलेला, प्लास्टिकच्या पन्नीत गाठ मारलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. तुझ्या धाकट्या भावाने खिशातून काढून ठेवला. म्हणाला, दादाची आवडती वस्तू होती, नाही ठेवली तर इच्छा अडकून राहील आणि कावळा शिवणार नाही. दहा-बारा जणांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या गालात तेव्हाही गोळी होती. मला अशी किळस आली की मी वाकलो, ती पन्नी उचलली आणि नदीत फेकून दिली. यावर तुझा भाऊ माझ्या अंगावर आला. ज्या वस्तूने माणसाचा अर्धा गाल खाल्ला तीच त्याला पुढच्या प्रवासाला बांधून देताय, थोडी तरी लाज बाळगा, असं मी बोलून गेलो. नदीवर असं बोलू नये, मला कळतं. पण बोललो.

कावळा आला तो सरळ भातावर बसला. आपल्या लोकांपेक्षा त्याला अक्कल जास्त.

शाळेतली श्रद्धांजली तर विचारूच नकोस. प्रार्थनेच्या मैदानात पोरांना उन्हात उभं केलं आणि हेडमास्तर बोलले, की आमचे शिपाई यादोराव सदैव हसतमुख होते. शेवटची दोन वर्षं तुझं तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं, तू हसतमुख कसा राहणार? मग दोन मिनिटं मौन झालं. मौन संपलं तसे तिघे मास्तर शाळेमागच्या भिंतीकडे गेले. त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत लाल रंग आहे, तो कशाचा हे तुला सांगायला नको. घंटा कोणी द्यायची ते ठरलेलंच नव्हतं. शेवटी मीच दिली. तुझ्यासारखी वाजली नाही, नुसता लोखंडाचा आवाज आला.

तुला खरं सांगू, या दहा दिवसांत मला रडू कमी आलं आणि किळसच जास्त आली. लोकांची आली, खर्ऱ्याची आली, थोडी तुझीही आली. सगळ्यात जास्त कोणाची आली ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. मध्येच घाबरलो तर मागे-पुढे होईल, सांभाळून घे.

माझी सायकल गोंदियाच्या बाजारातून चोरीला गेली तो दिवस तुला आठवत असेल. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यावरचं कापड दररोज धुवायचं काम तुझ्याकडे दिलं होतं, तेच ते दिवस. मी शाळेच्या लायब्ररीच्या चाव्या घेऊन आपल्या कामठ्याच्या चौकात उभा, आणि तू सायकल थांबवून म्हणालास, "दोन-चार दिवस बस मांगं. तुझी भेटली का मंग आपल्या आपल्यानं जाऊ." माझी काही भेटली नाही. दोन-चार दिवसांची आठ वर्षं झाली.

तू ताडमाड, मी बुटका. गावाकडची अर्धी वाट पायडल मी मारायचं आणि शहराकडची अर्धी वाट तू, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं, कारण रेल्वे फाटकाजवळच्या ट्रकांच्या गर्दीत माझे पाय जमिनीला पोचत नसत. बरोबर मधोमध, तलावाच्या पाळीजवळ, मनिरामचा पानठेला. तिथे आपण अदलाबदल करायचो. जाताना सीट वर करायची तुझ्यासाठी, येताना खाली करायची माझ्यासाठी. सीटच्या दांडीवर तू कानशीने दोन रेघा मारल्या होत्या, एक तुझी, एक माझी. बोल्ट ढिला करायचा, रेघ पाइपच्या तोंडाशी आणायची, पुन्हा आवळायचा. त्यासाठी पाना लागे, आणि पाना मनिरामकडे होता. ठेल्याच्या चौकटीला खिळा, त्या खिळ्याला सुतळीने टांगलेला पाना.

आपण स्वतःचा पाना का घेतला नाही? आता दहा दिवस मी हेच विचारतो आहे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. मनिराम जीव लावणारा माणूस, दुरून सायकल दिसली की पाना काढून फळीवर ठेवायचा. आणि तुझा स्वभाव असा की कोणाचं फुकट घ्यायचं नाही. तू म्हणायचास, "त्याचा पाना रोज फुकट कसा वापराचा गा? काहीतरी घ्या लागते." ते काहीतरी म्हणजे खर्रा. त्याआधी तू सणावाराला खायचास, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक पाहताना खायचास. पान्याच्या मोबदल्यात जाताना एक आणि येताना एक सुरू झाला. मनिराम सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घालून फळीवर घोटायचा, त्या तेवढ्या वेळात मी सीट आवळायचो. तू पन्नी उघडून आधी माझ्यापुढे धरायचास. मी चिमूट घ्यायचो. आठ वर्षं रोज दोन चिमटी माझ्याही पोटात गेल्या, यादो. दोघांनी खाल्लं आणि एकाचा गाल गेला. याचा हिशेब कोण कसा मांडतो, मला माहीत नाही.

मग ती सीट घसरायला लागली.

तू चालवायला बसलास की फाटकाच्या आधीच ती खाली यायची. तुझ्या रेघेवरून माझ्या रेघेवर, आणि वरून तिचं तोंड डावीकडे. तुझे गुडघे हँडलला लागायचे. मागून मला तू लहान मुलाच्या तीनचाकीवर बसवलेल्या पाव्हण्यासारखा दिसायचास आणि मी कॅरियरवर हसून हसून हलायचो, त्याने ती आणखी फिरायची. पावसाळ्यात एकदा तर तोंड इतकं वळलं की तुझी मांडी घसरली आणि आपण दोघं रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत गेलो. ती रोवणी करणाऱ्या बायांनी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घंटा वीस मिनिटं उशिरा झाली. तू चिखलाच्या पँटीनेच घंटा दिलीस आणि पोरं दिवसभर तुला पाहून तोंड लपवून हसत होती. त्या दिवशीचं हसू मला अजून येतं. तुझ्यासोबत मी जेवढा हसलो तेवढा दुसऱ्या कोणासोबत नाही हसलो, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते लिहायला जागा सापडणार नाही.

घसरायला लागली तेव्हा सरळ एक बोल्ट बदलायचा. शाळेच्या गेटसमोरच सायकलचं दुकान. पण तू काय केलंस? खर्रा संपवलास, पन्नी बोटांनी सारखी केलीस, सीटच्या दांडीला गुंडाळलीस आणि दांडी पाइपात ठोकलीस. म्हणालास, आता घट्ट बसली. मी सांगितलं, अरे पन्नी गुळगुळीत असते, तिने घसरण वाढेल, पत्रा लाव. तू म्हणालास, पत्र्याने गंज धरतो. प्लास्टिकला गंज धरत नाही हे खरंच होतं, म्हणून मी वादात हरलो. दुसऱ्या दिवशी घसरली, तू दुसरी पन्नी घातलीस. थुंकी लागलेल्या, चुन्याने चिकट झालेल्या पन्न्या त्या पाइपात जात राहिल्या. मला तेव्हाही ओकारी यायची. पण सकाळी त्याच पन्नीतून चिमूट घेणारा माणूस ओकारीबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार?

आणि मग आपला तो प्रसिद्ध वाद. बोल्टचे आटे गेलेत हे तू ओळखलंस. पाना फिरवला की बोल्ट नुसताच फिरायचा, धरायचा नाही. आता आटे कोणी खाल्ले? मी म्हणायचो, तुझ्या हाताला जोर फार, तू. तू म्हणायचास, आवळतोस तर रोज तू. एका सकाळी मनिरामच्या ठेल्यावर चार गिऱ्हाइकांसमोर तू निकाल दिलास, "ज्यानं बिघडवली त्यानं सुधरवावी." झालं. त्या दिवसापासून नवा बोल्ट आणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. तू आणला नाहीस, मी आणला नाही. ठेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपण साक्षीदार करायचो, माणसं मोठ्या गंभीरपणे बोल्ट फिरवून पाहायची आणि मतं द्यायची. एक मनिराम तेवढा मत द्यायचा नाही. त्याला विचारलं की म्हणायचा, मेरा काम घोटने का है, आणि जोरात घोटायला लागायचा.

तुझ्यासाठी ती गंमत होती. मी एकदा वैतागून म्हणालो, की चल दोघं मिळून दुकानात जाऊ आणि कायमची पक्की करून टाकू. तर तू म्हणालास, "पक्की करून टाकली तं मनिरामकडे थांबाचं कायले?" किती सहज म्हणालास. मीही मान डोलावली. दिवसभर घंटा, पाणी, फाइली, हेडमास्तरांचा चहा. ती पाळीवरची दहा मिनिटंच काय ती आपली होती. मग कोण पक्की करतो?

शाळेत आरोग्य शिबिर झालं तेव्हा दातांच्या डॉक्टरने पोरांना सांगितलं, तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. पोरांनी घातली. मास्तरांनी मागे-मागे सरकत घातली. तू पाण्याची कळशी ठेवलीस आणि घालायला गेलास तर दीड बोट गेलं. सगळे तुझ्याकडे पाहू लागले. तू म्हणालास, तोंड कमी उघडतं म्हणून बायको खुश आहे. डॉक्टर सोडून सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. डॉक्टरने तुला चिठ्ठी दिली, ती तू घरी जाताना काय केलीस हे तुला आठवतं का? दांडीला गुंडाळलीस. म्हणालास, कागद पन्नीपेक्षा चांगला धरतो. मी कॅरियरवर बसून होतो. हात पुढे करून ती चिठ्ठी काढून घेणं मला जड नव्हतं. मी नाही काढली.

बाकीचं सांगत नाही, तुला माहीत आहे. नागपूर झालं, गाल काढला, मांडीचं कातडं आणून लावलं, ते धरलं नाही. मी भेटायला यायचो तेव्हा दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. वहिनींना वाटायचं मी वाऱ्याला बसतो. तसं नव्हतं. तुझ्या तोंडाचा वास मला सहन होत नव्हता. वहिनी त्याच वासात तुझ्या उशाशी बसून नळीतून तुला डाळीचं पाणी द्यायच्या, आणि मी, जो आठ वर्षं तुझ्या पाठीला नाक लावून आलो-गेलो, तो दारात बसून मोसंब्याचं साल हुंगायचो. याबद्दल माफी मागावी असं रोज मनात यायचं. रोज मी फक्त मोसंबी ठेवून निघायचो.

शेवटी गेलो त्या दिवशी तू खुणेने पाटी मागितलीस. बोलता येत नव्हतं म्हणून तुझ्या नातवाची पाटी उशाला ठेवलेली असायची. तू लिहिलंस, बोल्ट? इतकंच. मग माझ्याकडे पाहत राहिलास.

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, वहिनी बाटली भरायला गेल्या होत्या. मी म्हणालो, "आटे तू खाल्ले, बोल्ट तूच आणशील. बरा हो अन् मंग पाहू." मला वाटलं, भांडण चालू ठेवलं की माणूस भांडायला तरी राहील. तुझ्या चेहऱ्याची उरलेली बाजू हसली. तू पाटी पालथी ठेवलीस. चौथ्या दिवशी तू गेलास.

आता ऐक. आटे मी खाल्ले.

मला उगाच वाटत नाही, मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. परीक्षेचे दिवस होते, उशीर झाला होता, हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच झापलं होतं. तू माझ्याकडे पाठ करून मनिरामच्या हातांकडे पाहत होतास, त्याचा खर्रा घोटून व्हायचा होता. बोल्ट हाताने आवळेना, म्हणून मी पान्यावर पाय दिला. अंगाचा सगळा भार दिला. कर्र आवाज झाला आणि पाना एकदम हलका फिरला. मला पायाला कळलं की गेले. मी पाना पुसून फळीवर ठेवला, म्हणालो, झालं, चल. तू बसलास आणि फाटकाच्या आधी पहिल्यांदा सीट घसरली. त्या दिवशी सांगितलं असतं तर एका शिवीत मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला आणि मग सांगायची लाज वाटायला लागली. वर्ष गेल्यावर तर माझाच विश्वास बसला की तूच खाल्लेस. मी साक्षीदार गोळा केले, यादो. तुझ्याविरुद्ध मी साक्षीदार गोळा केले.

घसरली नसती तर तू दिवसातून दोनदाच थांबला असतास. घसरायला लागल्यावर तू दुपारच्या सुटीतही पाना मागायला, सायकलचं दुकान टाळून, शाळेसमोरच्या दुसऱ्या पानठेल्यावर जायला लागलास, आणि तिथूनही रिकाम्या हाताने आला नाहीस. दोनाचे चार आणि चाराचे सहा झाले. डॉक्टर म्हणतील की बोल्टचा आणि आजाराचा काय संबंध. लोक म्हणतील की खाणारा कुठेही खातो. म्हणोत. माझ्या पायाला अजून तो कर्र आवाज कळतो.

काल नदीवरून आल्यावर वहिनींनी सायकल दारात काढली. म्हणाल्या, "हे तू घेऊन जाय बापा. मले पायवत नाही." मी हाताने ढकलत घरी आणली, बसायचं धाडस झालं नाही. आज सकाळी गावातलं सायकलचं दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो आणि पहिला बोल्ट मी घेतला, पानाही घेतला. अंगणात पोतं अंथरून सीट ओढली. दांडी निघाली आणि तिच्यासोबत पन्न्या निघाल्या. एकीत एक, एकीत एक, पिवळ्या पडलेल्या, काळ्या झालेल्या, चुन्याचा वास अजून तसाच. पाइपात अडकलेल्या मी वाकवलेल्या स्पोकने ओढून काढल्या. त्यात तो कागदही होता. डॉक्टरची चिठ्ठी. अक्षर गेलं होतं, कागदाचा लगदा झाला होता. मी विहिरीजवळ जाऊन ओकलो. माझी बायको विचारत होती की काय झालं, काय खाल्लंस.

मग रॉकेलने पाइप आतून पुसला. दांडीचा गंज रेजमाल पेपरने घासला, जुन्या तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून वाकवला आणि आत बसवला. पाइपची चीर दाबून दाबून मिटली होती, ती पेचकसाने उघडली. माझी रेघ पाइपच्या तोंडाशी आणली तेव्हा तुझी रेघ खाली पाइपात गेली. मग बोल्ट हाताने आवळला, फक्त हाताने. सगळं मिळून अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी इतकी वर्षं आपण न्यायालयं भरवली.

साडेनऊला निघालो. मागे कोणी नव्हतं म्हणून सायकल हलकी चालत होती आणि ते मला आवडलं नाही. सीट जागची हलली नाही. पाळीजवळ आलो, ठरवलं होतं थांबायचं नाही, थांबायचं कारणच नव्हतं. पण पाय आपोआप थांबले. मनिरामला दुरून सायकल दिसली होती. पाना फळीवर काढून ठेवलेला होता आणि त्याचा हात घोटत होता. सवय, दुसरं काय. एकट्या मला पाहून हात थांबला.

मी म्हणालो, राहू दे, आता घसरत नाही.

त्याने सीट धरून हलवून पाहिली. "पक्की हो गई," म्हणाला. "किसने बनाया?"

"ज्यानं बिघडवली त्यानं."

मी पान्यावर पाय दिला त्या दिवशी मनिराम माझ्याकडे तोंड करून घोटत होता, यादो. हे मला आज, त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आठवलं. बिघडवली कोणी, ते त्याने विचारलं नाही. पाना उचलला आणि खिळ्याला अडकवून ठेवला.